सेकंदाला पन्नास ठोके

सावंतवाडीच्या वत्सला बांदेकर यांचं पत्र मला एक्याण्णव सालच्या जानेवारीत आलं, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र लहान होतं. निळं आंतरदेशीय, त्यातही खालचा अर्धा भाग कोरा. मी ते इतक्यांदा वाचलं की आजही जवळजवळ जसंच्या तसं सांगू शकेन.

‘तुमचं घड्याळ मासिकात वाचलं. मीही शाळेत विज्ञान शिकवते. तुमच्यासारखा मायक्रोप्रोसेसरचा संच माझ्याकडे नाही, म्हणून बाजारात मिळणाऱ्या मोजणीच्या आयसी जोडून तेच घड्याळ माझ्या पद्धतीने केलं. चालतं. पण रोज मागे पडतं. जोडणी पुन्हा पुन्हा तपासली. तुमचंही पडतं का? इथे या विषयावर बोलायला कोणी नाही, म्हणून अनोळखी असून लिहिलं. उत्तराची वाट पाहते.’

यात उत्तर न देण्यासारखं काय होतं, असं कोणीही विचारेल. माझंही घड्याळ मागे पडत होतं. एवढंच तर लिहायचं होतं. पण हे मला आज सुचतं.

मी पोखर्णीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. भिसे सर. गावात मास्तर. इलेक्ट्रॉनिक्स मला कोणी शिकवलं नाही, आणि जे स्वतः शिकलो ते बरोबर शिकलो की नाही याची खात्री अजून नाही. सुरुवात रेडिओपासून झाली. माझी पत्नी मनकर्णा गेली त्या वर्षी घरातला रेडिओही बंद पडला. परभणीला नेऊन दुरुस्त करता आला असता. मी तो घरीच उघडला. दुरुस्त काही झाला नाही, पण आत काय असतं ते दिसलं, आणि ते पाहत बसलं की संध्याकाळ सरते हेही कळलं. मग सोल्डरची कांडी आणली. बोटं भाजली. परभणीच्या बाजारात दत्तराव म्हणून रेडिओ दुरुस्त करणारे होते, त्यांच्या दुकानातल्या भंगाराच्या डब्यातून जुने भाग निवडून आणायचे आणि पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे जोडायचे. दहातले आठ वेळा काही होत नसे. दोन वेळा दिवा लागे.

पहिली उपयोगाची वस्तू केली ती शेजारच्या धुरपताबाईंसाठी. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून पाणी आलं की किर्र वाजणारं यंत्र त्यांच्या घागरीत सोडलं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा त्या घाबरून ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि घागर भरून वाहून गेली. पुढे त्याची सवय झाली, तरी त्या रात्री त्याच्यावर फडकं टाकून ठेवत. “उगं बोललं मधीच तर,” म्हणत. विधवा बाई, मुलगा पुण्याला. माझी भाकरी त्यांच्याकडेच असे.

नंतर औरंगाबादला विज्ञान शिक्षकांचं शिबिर झालं. तिथे मायक्रोप्रोसेसरचा संच पाहिला. पाटीएवढा हिरवा तक्ता, त्यावर थोडी बटणं आणि लाल आकड्यांची एक ओळ. पडदा नाही, काही नाही. आपण आकडे दाबून हुकूम भरायचे आणि तो ते एकामागून एक पाळतो. शिबिरात इतरांनी नोंदी घेतल्या. मी नुसता पाहत राहिलो. एक बंद पडलेला क्लास असाच जुना संच विकतो आहे असं कळलं तेव्हा पुण्याला जाऊन तो मांडीवर घेऊन आलो. बरोबरचं पुस्तक इंग्रजी. शब्दकोश शेजारी ठेवून एकेक पान लावलं. प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा, त्यातल्या प्रत्येक हुकमाचा आकडा पुस्तकात शोधायचा, मग ते सगळे आकडे क्रमाने बटणांनी भरायचे. शेवटच्या आकड्यापर्यंत यावं आणि वीज जावी. वीज गेली की संच सगळं विसरायचा. पुन्हा पहिल्यापासून. पुढे पुढे मला प्रोग्राम पाठ झाले. आंघोळ करताना मी आकडे पुटपुटायचो. नंतर एका जुन्या मोटारसायकलची बॅटरी जोडली, तेव्हा त्याचं विसरणं थांबलं.

घड्याळाची कल्पना साधी होती. घरात येणारी वीज एका दिशेने वाहत नाही, ती सतत उलटसुलट होत असते. सेकंदाला पन्नास वेळा. दहावीच्या पुस्तकात हे आहे आणि मी ते वीस-बावीस वर्षं शिकवलं होतं. म्हणजे वीज स्वतःच ठोके देते. ते मोजायचे. पन्नास झाले की सेकंद एकाने पुढे. ते मोजणं माझ्या प्रोग्रामचं काम. नव्वद सालच्या श्रावणात घड्याळ सुरू झालं. आकाशवाणीच्या वेळेवर माझं मनगटी घड्याळ लावून त्याच्याशी ताडून पाहिलं. आठवडाभर फरक जवळजवळ नाही. मी आकृती काढली, प्रोग्राम लिहिला आणि पुण्याच्या एका विज्ञान मासिकाला पाठवला. पाठवताना पाकीट डिंकाने बंद केलं, मग पुन्हा उघडून शुद्धलेखन पाहिलं.

मासिकाने ते डिसेंबरात छापलं. वाचकांच्या पानावर, कोपऱ्यात. संपादकांनी मथळा दिला होता, ‘घरच्या घरी अचूक घड्याळ’. अचूक हा शब्द माझा नव्हता.

मुख्याध्यापक दिनकरराव खूश झाले. त्यांनी घड्याळ स्टाफरूममध्ये लावायला सांगितलं आणि मुंजाजी शिपायाला हुकूम दिला की आता घंटा या घड्याळाप्रमाणे द्यायची. अलीकडे ते मागे पडू लागलं होतं, म्हणून मी नको म्हणणार होतो. पण नको म्हणायलाही काही कारण सांगावं लागतं. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटली तेव्हा परभणीची एसटी निघून गेली होती, आणि रोज परभणीहून येऊन-जाऊन करणारे चार शिक्षक फाट्यावर थंडीत बसले.

“भिसे सर,” दुसऱ्या दिवशी गणिताचे बन्सीधर मला म्हणाले, “तुमचं घड्याळ अचूकच हाय. एसटी लवकर आली.”

“माफ करा,” मी म्हणालो.

“माफी कशाची? मासिकात छापून आलंय. डायवरनं वाचायला पाह्यजे होतं.”

सगळे हसले. बन्सीधर वाईट माणूस नव्हते, पण हाती आलेला विषय सहज सोडत नसत. मुंजाजीला माझी दया आली असावी. तो जवळ येऊन हळू म्हणाला, “सर, त्याला जरा चावी देऊन बघा की.”

“त्याला चावी नसते, मुंजाजी.”

“असं हाय व्हय,” तो म्हणाला, आणि घड्याळ उचलून प्रयोगशाळेत ठेवून आला. घंटा पुन्हा त्याच्या अंदाजाने होऊ लागली.

त्याच महिन्यात वत्सलाबाईंचं पत्र आलं. पोस्टमन पंडितने ते स्टाफरूममध्येच दिलं. देण्याआधी उलटसुलट करून पाहिलं.

“सर, लय लांबून आलंय. सावंतवाडी. बाईमाणसाचं अक्षर दिसायलंय.”

“बगा बरं,” बन्सीधर वर्तमानपत्राआडून म्हणाले, “आमी फाट्यावर कुडकुडायलोत, आन् सरांना कोकणातून पत्रं यायलीत.”

मी पत्र खिशात घातलं आणि घरी जाऊन वाचलं. वाचून पहिल्यांदा आनंद झाला, हे सांगितलं पाहिजे. इतक्या वर्षांत या कामाबद्दल कोणी मला एक वाक्य लिहिलं नव्हतं. पण आनंद फार टिकला नाही. त्यांचं घड्याळ मागे पडतं म्हणजे माझ्या आकृतीतच चूक आहे, आणि ती चूक आता माझ्या प्रयोगशाळेत राहिलेली नाही, सावंतवाडीला कुणाच्या तरी टेबलावर जाऊन बसली आहे, असं मला वाटलं. मुलाने वर्गात शंका विचारली तरी आधी माझ्या मनात येई, की आपणच काही चुकीचं सांगितलं. तेव्हा मी ठरवलं, आधी चूक शोधायची. सापडली की मग लिहायचं. नुसतं ‘हो, माझंही मागे पडतं’ हे काय उत्तर झालं?

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं मी ती चूक शोधत होतो.

प्रोग्राममध्ये एकेका हुकमाला किती वेळ लागतो ते मांडून पाहिलं. मोजणाऱ्या भागाला काही ठोके ऐकूच येत नसतील म्हणून तो तीन तऱ्हांनी पुन्हा बांधला. वीज गेली की घड्याळ थांबे, ती आली की पुन्हा वेळ लावावी लागे, त्यात गोंधळ होत असेल म्हणून वीज टिकली तेवढ्याच तासांचा हिशेब धरला. पावसाळा आला की घड्याळ सुधारायचं. मला वाटे, मागच्या आठवड्यात आपण अमुक बदललं त्याचा हा गुण. मी उत्तराचा कच्चा खर्डा लिहायचो: ‘आदरणीय बाई, चूक सापडली.’ पण खात्री करून मगच पाठवावं म्हणून चार-सहा आठवडे थांबायचो. तेवढ्यात रब्बीच्या पेरण्या उरकायच्या, थंडी पडायची आणि घड्याळ पुन्हा मागे पडायला लागायचं. खर्डा फाडून टाकायचो. असं दोनदा झालं, तिसऱ्यांदाही झालं. दरवर्षी पावसाळ्यात सुधारतं आणि हिवाळ्यात बिघडतं हे एखाद्या शेतकऱ्याच्या लगेच लक्षात आलं असतं. माझं सगळं लक्ष संचाच्या आत होतं.

बोलायला खरंच कोणी नव्हतं. दत्तरावांना रेडिओ कळे, प्रोग्राम कळत नसे. मुलांना आकडे पळताना पाहून मजा वाटे, पण परीक्षेत नसलेल्या गोष्टीत ती फार रमत नसत आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. संध्याकाळी प्रयोगशाळेत बसलो की कधी कधी मी मनातल्या मनात वत्सलाबाईंना समजावून सांगत असे. बाई, आज मी अमुक करून पाहिलं. बाई, यात तुमच्या आयसींचा काही दोष नाही. अशी पुष्कळ पत्रं मी बोललो असेन. टपालाचा डबा शाळेच्या फाटकाशेजारी होता.

त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात घड्याळ परत मागे पडायला लागलं. पुढच्या मे महिन्यात मी निवृत्त होणार होतो. वैतागून मी एक गोष्ट केली, जी मुलाने गणितात केली असती तर मी गुण कापले असते. पन्नासाऐवजी एकोणपन्नास ठोक्यांना सेकंद पुढे सरकवायला प्रोग्रामला सांगितलं. कारण काही नाही, मागचं उत्तर पाहून पुढची रीत रचलेली. घड्याळ बरोबर चालू लागलं. मला त्याचा आनंद झाला नाही.

दरवर्षी दिवाळीला मी गंगाखेडला बहिणीकडे, पार्वतीबाईकडे, जात असे आणि जाताना संच बंद करत असे. त्या वर्षी तिने कळवलं की येऊ नकोस, आम्हीच घरी नाही. तिची मुलगी औशाकडे दिलेली होती, भूकंपात त्यांच्या घराची भिंत पडली होती, सगळे तिकडे गेले होते. मी पोखर्णीतच राहिलो. शाळा बंद. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी काही सुचेना म्हणून किल्ली घेऊन प्रयोगशाळेत गेलो. घड्याळ पुढे गेलं होतं.

मागे नव्हे, पुढे. आदल्या संध्याकाळी वेळ लावली होती, तेव्हापासून चांगलं पंधरा मिनिटं.

मी वेळ नीट लावली आणि समोर बसून राहिलो. धुरपताबाई शोधत आल्या. हातात ताट झाकलेलं.

“मास्तर, सणाच्या दिवशी डबड्याम्होरं काय बसायलाव?”

“हे पळायलंय, बाई.”

“मंग पळू द्या की. रोज रडतावच मागं राहतंय म्हनून.”

“तसं नसतं. काहीतरी चुकलंय.”

“चुकलं तर चुकलं,” त्यांनी ताट बाकावर ठेवलं. “पोरगं आलं न्हाई माझं. रजा न्हाई म्हनलं. दोन करंज्या जास्तीच्या हायत, खाऊन घ्या.” मग त्याही एका बाकावर बसल्या आणि लाल आकडे पाहू लागल्या.  त्या गेल्यावर ताट माझ्यापाशी राहिलं.

दुसऱ्या दिवशीही घड्याळ पळालं. भाऊबीजेला पळालं, तिच्या दुसऱ्या दिवशीही पळालं. मग हळूहळू मूळ चालीवर आलं. मी प्रोग्राम पुन्हा पाहिला. एक आकडा बदललेला नव्हता. एक तार हललेली नव्हती. आणि प्रोग्रामला दिवाळी कळत नाही. हे वाक्य मी त्या दिवसांत अनेकदा मनाशी म्हटलं. त्याला सण नसतो, सुटी नसते, थंडी नसते. मग ज्याला दिवाळी कळते असं यात काय आहे?

शाळा उघडल्यावर मी नववीला डायनॅमोचा धडा घेतला. सायकल उलटी करून चाक फिरवायचं, एक दिवा जोडायचा, मग दुसरा, तिसरा. दिवे वाढवले की चाक जड होतं, फिरवणारा दमतो आणि चाक मंदावतं. हा प्रयोग मी दरवर्षी करत आलो होतो. त्या दिवशी चाक मंदावलं आणि मी वर्गात मध्येच थांबलो. मुलांना वाटलं मला बरं वाटत नाही. मी त्यांना पाणी प्यायला सोडलं.

वीज बनवणारं चाकही असंच कुठेतरी फिरत असणार. रब्बीत विहिरीविहिरीवर मोटारी सुरू होतात, गिरण्या-कारखाने चालू असतात, चाक जड होत असणार. पावसात मोटारी बंद. दिवाळीत कारखाने बंद. चाक हलकं. पुस्तकात पन्नास आहे, पण पुस्तकाला रब्बी आणि दिवाळी माहीत नसेल तर? पन्नासाचा धडा आणि डायनॅमोचा धडा, दोन्ही मी इतकी वर्षं शिकवले होते. एकदा दहावीला, एकदा नववीला.

पण हे मला वाटत होतं, माहीत नव्हतं. आणि मला नुसतं वाटतं ते मी कुणाला सांगत नाही. खात्री करायचा एकच मार्ग दिसत होता. परभणीबाहेरच्या मोठ्या वीज उपकेंद्रात ठोके दाखवणारा काटा असतो असं मी वाचलं होतं. तिथे जाऊन विचारायचं. हे ठरवायला मला डिसेंबर गेला. जानेवारीत निघालो तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं होतं. एसटी कधी बंद पडेल सांगता येत नव्हतं. स्टाफरूममध्ये तोच एक विषय असे आणि मी त्यात काही बोलत नसे. न बोलणं म्हणजेही एक बाजू घेणंच होतं, ते मला कळत होतं, तरी मी बोललो नाही. वर्गात मुलं जागा बदलून बसायला लागली होती.

उपकेंद्राच्या फाटकाशी एक वॉचमन खुर्ची टाकून बसला होता.

“काय पाह्यजे?”

“साहेब आहेत का?”

“हायत. काम काय?”

“एक विचारायचं होतं.”

“बिलाचं का? बिलाचं हापिस गावात हाय.”

“बिलाचं नाही.”

“मंग?”

मी काय सांगणार होतो? की तुमची वीज हिवाळ्यात हळू चालते असा मला संशय आहे? की तीन वर्षं माझं घड्याळ मागे पडतंय आणि दिवाळीत ते पुढे गेलं? तो माझ्या धोतराकडे, पिशवीकडे पाहत होता. आत तारांचा तो एकसुरी गुं गुं आवाज चालू होता. उत्तर तिथे पन्नास पावलांवर भिंतीला टांगलेलं असणार.

“मंग काय, काका?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

“बिलाचंच,” मी म्हणालो. “चुकून इकडे आलो.”

त्याने मला बिलाच्या ऑफिसचा रस्ता नीट समजावून सांगितला. मी त्याच रस्त्याने निघालोही.

स्टँडवर आलो तर एसटी बंद. कुठेतरी गाडी अडवली म्हणे. चौकात पोलिसांच्या गाड्या, दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या. मी रेल्वे स्टेशनवर जाऊन परळीच्या पॅसेंजरची वाट पाहत बाकावर बसलो. गाडी उशिरा होती. स्वतःचा राग येऊन येऊन शेवटी तोही थकला. एक प्रश्न विचारायला एवढ्या लांब गेलो आणि खोटं बोलून परत आलो. प्रश्न अवघडही नव्हता, पण तो विचारण्याआधी ऐकणाऱ्याला केवढं काही सांगावं लागलं असतं. संच, ठोके, श्रावण, दिवाळी. मग मनात आलं की एका माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही. त्यांनी हाच प्रश्न मला केव्हाच विचारला होता. तुमचंही पडतं का?

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. गाडी पूर्णेकडून येताना दिसत होती तेव्हा. त्यांच्या घड्याळात प्रोग्राम नव्हता. त्यांनी लिहिलं होतं तसं, नुसत्या मोजणीच्या आयसी, ज्यांत हुकूम भरावेच लागत नाहीत. माझ्या प्रोग्राममध्ये चूक असती तर ती त्यांच्या घड्याळात जाणार कशी? पत्र पहिल्यांदा वाचलं त्याच दिवशी हे दिसायला हवं होतं. दोन निराळी घड्याळं, मध्ये अख्खा सह्याद्री, आणि दोन्ही मागे पडतात. दोघांमध्ये सारखी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे वीज. मी ऐकलं होतं की सगळ्या राज्याची वीज एकाच जाळ्यात जोडलेली असते. तसं असेल तर ती तीन वर्षं दोन्ही घड्याळं एकाच वेळी, एकाच चालीने मागे पडत होती. मी इथे संध्याकाळी आकडे पाहत बसलो असेन तेव्हा तिकडेही तेवढेच ठोके कमी पडत असतील. हे खरं की नाही, त्यांच्याकडच्या नोंदी पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

गाडीत पुष्कळ गर्दी होती, एसटीची माणसंही त्यातच आली होती. मी दाराशी उभा राहिलो.

घरी आल्यावर धुरपताबाईंनी विचारलं, “झालं का काम मास्तर?”

“नाही.”

“मंग जेवा.”

जेवून मी लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात उशिराबद्दल एवढ्या वेळा क्षमा मागितली गेली की घड्याळासाठी जागाच उरली नाही. दुसऱ्यात मी सगळं कारण सांगून टाकलं, डायनॅमो, कारखाने, मोटारी, आणि शेवटी लक्षात आलं की हे मला माहीत नाही, मी ते माहीत असल्यासारखं लिहितो आहे. तिसऱ्यात एवढंच लिहिलं:

‘सौ. किंवा कु. वत्सला बांदेकर यांस, सप्रेम नमस्कार. आपलं पत्र एक्याण्णव सालचं आहे. होय, माझंही मागे पडतं. कारण मला माहीत नाही. गेल्या दिवाळीत मात्र ते चार दिवस पुढे गेलं. आपलं घड्याळ अजून चालू असेल तर ते दिवाळीत पुढे गेलं होतं का, आणि पावसाळ्यात सुधारतं का, हे कृपया कळवावं. माझ्या नोंदी सोबत पाठवत आहे. उपकेंद्रात जाऊन खात्री करणार होतो, पण फाटकावरून परत आलो. इथेही या विषयावर बोलायला कोणी नाही. आपला, व्यंकट भिसे.’

फाटकाचं वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं.

सकाळी ते पाकिटात घातलं. नोंदींमुळे पाकीट जाड झालं. तीन वर्षांत बाईंची बदली झाली असेल, लग्न होऊन त्या गेल्या असतील, घड्याळ मोडून त्याच्या आयसी दुसऱ्या कशात तरी वापरल्या असतील. पत्र परतही येईल. शाळेच्या फाटकाजवळच्या डब्यात टाकलं असतं तर कुणाला दिसलं नसतं, पण जाड पाकिटाला जास्तीचं तिकीट लागेल म्हणून पोस्टातच जावं लागलं. पंडित थैली भरत होता. त्याने पाकीट तराजूत टाकलं आणि पत्ता वाचला.

“सावंतवाडी,” तो म्हणाला. “त्या पत्राचं उत्तर का हे सर?”

“तुझ्या लक्षात आहे?”

“इकडं कोकणातून दुसरं कुणाला येतंय?” त्याने तिकिटं मोजून दिली. “लय दिस घेतले तुमी.”

“हो.”

“सर, गाड्यांचं काही खरं न्हाई. एसटी बंद हाय. आज जाईल का उद्या जाईल, सांगता यायचं न्हाई.”

“जाईल तेव्हा जाऊ दे,” मी म्हणालो.

मी तिकिटं चिकटवली. पंडितने त्यांच्यावर शिक्का मारला, पाकीट थैलीत टाकलं आणि थैलीचं तोंड सुतळीने बांधलं.